तार कोणाच्या दारापर्यंत?

ज्ञान सर्वांना खुले आहे, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. ज्ञानाची साधने कोणाच्या हाती आहेत, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. संशोधनासाठी उभारलेल्या संगणक-जाळ्यांचा इतिहास म्हणूनच नीट वाचला पाहिजे.

१९६९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून ‘आर्पानेट’ हे जाळे सुरू झाले. त्यात माहितीचे लहान तुकडे करतात, प्रत्येकावर पत्ता घालतात आणि मुक्कामी पोचल्यावर ते पुन्हा जुळवतात. त्यामुळे एकच तार एकाच वेळी अनेकांना वापरता येते. तंत्र असे मुळातच वाटून घेण्याचे होते. व्यवहार तसा नव्हता. संरक्षण खात्याची कामे ज्या विद्यापीठांकडे होती, त्यांनाच प्रवेश. त्याच विषयात काम करणारी बाकीची विद्यापीठे बाहेर. आतल्यांना नवे संशोधन आधी कळे, सहकारी मिळत. बाहेरचे मागे पडत, ते बुद्धी कमी म्हणून नव्हे.

१९७९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे लॅरी लँडवेबर यांच्या पुढाकाराने ही बाहेरची मंडळी एकत्र आली. १९८१ साली राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या अनुदानातून ‘सीएसनेट’ उभे राहिले. ज्यांना महाग जोडणी परवडत नव्हती, त्यांना साध्या टेलिफोनवरून निदान पत्रव्यवहार करता येऊ लागला.

१९८६ मध्ये त्याच प्रतिष्ठानाच्या ‘एनएसएफनेट’ने महासंगणकांची केंद्रे जोडली. वेग होता सेकंदाला ५६ हजार बिट. एक गिगाबाइट माहिती त्या वेगाने पाठवायला सुमारे ४० तास लागतील. १९९१ मध्ये साडेचार कोटी बिटांची तार आली. तेच काम ३ मिनिटांचे झाले. पण वेगापेक्षा मोठी गोष्ट होती अनुदानाची अट: विद्यापीठाला मिळणारी जोडणी आवारातील सर्व पात्र वापरकर्त्यांना खुली असली पाहिजे. तार एखाद्या विभागाची मिरास होऊ नये, हे नियमातच लिहिले गेले.

आपल्याकडे १९८६ मध्ये ‘अर्नेट’ सुरू झाले. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था त्यात होत्या. २०१० मध्ये ‘राष्ट्रीय ज्ञान जाळे’ मंजूर झाले. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मधील कणांच्या टकरींची माहिती आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अभ्यासली जाते. यंत्र परदेशात असले तरी अभ्यासक इथला असू शकतो, ही या जाळ्याची खरी ताकद आहे.

म्हणून प्रश्न केवळ वेगाचा नाही. आपापल्या महाविद्यालयात विचारावे: तार कोणत्या खोलीत संपते? त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते? घरातून पहिल्यांदाच शिकायला आलेल्या मुलीला तिथे बसता येते काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत विचारत राहणे, हेही ज्ञानाचेच काम आहे.