रेडिओची खरखर आणि पेट्रोल इंजिनातील ठिणगीचे दोष

पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप, ब्रश कटर आणि पॉवर वीडर आता बहुतेक गावांत दिसतात. या यंत्रांजवळ मीडियम वेव्हचा रेडिओ लावला की खरखर ऐकू येते. शेतकरी बांधव रेडिओ बंद करून मोकळे होतात. परंतु ही खरखर नीट ऐकल्यास इंजिनातील ठिणगीचा दोष वेळीच सापडतो.

खरखर का होते?

इंजिनाच्या चाकातील चुंबक कॉइलजवळून फिरतो तेव्हा कॉइलमध्ये १०,००० व्होल्टपेक्षा जास्त दाब तयार होतो. जाड वायरीतून तो स्पार्क प्लगला जातो व ठिणगी पडते. प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओ लहरीही बाहेर पडतात. दोन स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० ठिणग्या पडतात. म्हणून चांगल्या इंजिनाचीही एकसारखी, बारीक गुणगुण ऐकू येते. मात्र आवाज एकाएकी वाढला, तुटक झाला किंवा मध्येच कडकड होऊ लागली, तर ठिणगी प्लगऐवजी दुसरीकडे उडत आहे असा संशय घ्यावा. अशा वेळी भार येताच इंजिन चुकते आणि पेट्रोल वाया जाते. फवारणी पंपात फेरे घटल्याने हवेचा झोत मंदावतो, थेंब मोठे पडतात व औषध पिकावर सारखे बसत नाही.

दोष कसा शोधावा?

१. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून इंजिनापासून चार-पाच पावलांवर ठेवावा. पुढील सर्व तपासण्यांत त्याची जागा व दिशा बदलू नये.

२. इंजिन बंद करावे. खरखर तशीच राहिली तर दोष इंजिनात नाही. साधारण सेकंदाला एक टकटक येत असल्यास ती कुंपणाच्या झटका मशीनची असते.

३. इंजिन पुन्हा सुरू करून वेग कमी-जास्त करावा. आवाज वेगाप्रमाणे बदलल्यास तो ठिणगीचाच समजावा.

४. पेट्रोल कोठेही गळत नाही याची खात्री करून, अंधारात व मोकळ्या जागेत इंजिन मंद चालवावे. वायरीवर किंवा प्लगच्या टोपीजवळ निळसर ठिणगी दिसते का, ते दुरूनच पाहावे. हात लावू नये.

५. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. टोपी काढून वायरीच्या भेगा, सैल टोपी, प्लगच्या चिनी मातीला गेलेला तडा आणि कॉइलच्या बोल्टखालील गंज तपासावा. प्लगची फट पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावी.

६. एका वेळी एकच भाग बदलावा व पुन्हा रेडिओ ऐकावा. सर्व भाग एकदम बदलल्यास दोष कशात होता ते कळत नाही आणि खर्चही वाढतो.

प्लग बदलताना जुन्याच नंबराचा घ्यावा. नंबरात ‘आर’ हे अक्षर असल्यास त्या प्लगमध्ये बहुधा खरखर कमी करणारा रोधक असतो. त्याऐवजी साधा प्लग बसवल्यास इंजिन चालते, पण खरखर वाढते.

विमानातही हीच पद्धत

पिस्टन इंजिनाच्या बहुतेक लहान विमानांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग व इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात. वैमानिकाला रेडिओ स्पष्ट ऐकू यावा म्हणून प्लगच्या वायरींवर धातूच्या जाळीचे वेष्टन असते. खरखर आल्यास विमान जमिनीवर असताना एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतात. जो बंद केल्यावर खरखर थांबते, त्या बाजूची वायर, वेष्टन व जोड तपासतात.

स्विचवर विसंबू नये

मॅग्नेटोचा स्विच बंद करणे म्हणजे कॉइलचा प्रवाह इंजिनाच्या अंगाला जोडून ठिणगी थांबवणे होय. स्विचकडे जाणारी वायर तुटली, तर स्विच बंद असूनही ठिणगी पडत राहते. म्हणूनच स्विच बंद आहे एवढ्यावर विसंबून विमानाचा पंखा हाताने फिरवत नाहीत. आपल्या यंत्रालाही हाच नियम लागू आहे. पॉवर वीडरच्या पात्यात अडकलेले गवत काढताना पाते हाताने फिरले, तर इंजिन सुरू होऊन बोटे जाऊ शकतात.

यासाठी कामाच्या आधी इंजिन मंद चालवून स्विच बंद करून पाहावा. इंजिन थांबले नाही तर चोक पूर्ण लावून किंवा पेट्रोलचा कॉक बंद करून ते थांबवावे व आधी स्विचची वायर दुरुस्त करावी. स्विच चांगला असला तरी पात्याला हात लावण्यापूर्वी प्लगची टोपी काढून प्लगपासून दूर ठेवावी. ही सवय घरातील सर्वांना व मजुरांनाही लावावी.