गुलाल-खोबऱ्याची मागणी
पदवीच्या वर्गात सूक्ष्म अर्थशास्त्राचे जे सिद्धांत केवळ आलेखांवरून पाठ होतात, त्यांच्या उपयोजनास जोतिबाच्या डोंगराइतके समृद्ध क्षेत्र क्वचितच लाभावे. चैत्र यात्रेत गुलाल व खोबरे एकत्रच उधळले जात असल्याने आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या ग्रंथात विवेचिलेली संयुक्त मागणी येथे प्रत्यक्ष दिसते. आणि खोबरे महागले असता भाविक त्याचा त्याग न करता केवळ लहान वाटी घेत असेल, तर लवचिकता कशी मोजावी, हा प्रश्न माझ्या मते कोणत्याही प्रश्नपत्रिकेहून मोलाचा आहे. एकाच मालाची दुकाने दाटीने का वसतात, याची एक मीमांसा हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये केली. तिची पडताळणी मात्र येथील दुकानदारांस खरेदीचा भाव, जागेचे भाडे आणि उरलेल्या मालाची विल्हेवाट विचारूनच करावी.