पुढचा ॲक्सल निवडताना

मोटारीची पुढची दोन्ही चाके एकाच अखंड ॲक्सलने जोडावीत, की प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होऊ द्यावे, याचे उत्तर रस्त्यावर अवलंबून आहे. गुळगुळीत रस्त्यावर स्वतंत्र रचना सुखावह खरी. पण खडकाळ वाटेवर एक चाक दगडावर चढले, की अखंड ॲक्सल दुसऱ्याला खाली दाबतो आणि चाकाची जमिनीवरील पकड सुटत नाही. अमेरिकेत टोयोटाने आपल्या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या पिकअप ट्रकला १९८६ सालापासून स्वतंत्र रचना दिली. तेथील डोंगरवाटांचे शौकीन ती काढून अखंड ॲक्सल बसवितात.

नवखा माणूस अशा वेळी प्रथम मजबुती पाहतो. माझ्या मते पहिला प्रश्न बाजूचा आहे. इंजिनाची शक्ती पुढे नेणारा शाफ्ट ट्रान्स्फर केसच्या ज्या बाजूने निघतो, त्याच बाजूला ॲक्सलवरील डिफरन्शियल, म्हणजे दंतचक्रांचा गोळा, असावा लागतो. या टोयोटात तो उजवीकडे असतो. फोर्डच्या १९७७ ते १९७९ मधील एफ-१५० ट्रकखालचा ‘डेना ४४’ चांगला भक्कम. पण त्याचा गोळा डावीकडे. शेव्हरोलेची गंमत उलटी आहे. तिच्या १९८८ पासूनच्या नव्या ट्रकला गोळा डावीकडे हवा, आणि तिचेच त्याआधीचे ॲक्सल उजवीकडचे! घरचे सोडून फोर्डच्या दारी जावे लागते ते असे.

टोयोटाला १९७९ ते १९८५ मधील स्वतःचाच ॲक्सल जुळतो. मात्र नव्या ट्रकचा मागचा ॲक्सल सुमारे तीन इंच रुंद असल्याने पुढे दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचाच्या चकत्या घालतात. दंतचक्रांचे प्रमाणही पुढेमागे सारखेच हवे. मागे ४.१० असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास शाफ्ट ४.१ वेळा फिरत असेल, तर पुढेही तेच. नाहीतर टणक जमिनीवर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी ओढाताण करतात आणि ताण दंतचक्रांवर येतो.

खरा धोका पुढे आहे. कमानपाट्यांच्या बैठका ॲक्सलवर ज्या कोनात वेल्ड होतील, त्यावरून चाकाच्या वळणखुंटीचा मागे झुकलेला कोन ठरतो. तो कमी पडला, तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि वेगात चाके थरथरू लागतात. ते संकट एकट्या चालकाचे राहत नाही.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. तेव्हा जुना ॲक्सल विकत घेण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.