पित्तनलिकेचा जन्मजात फुगवटा आणि दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया

यकृतात तयार होणारे पित्त पित्तनलिकेवाटे लहान आतड्यात उतरते. काही बालकांत ही नलिका जन्मतःच फुगलेली असते. या विकारास ‘कोलेडोकल सिस्ट’ म्हणतात. पाश्चात्त्य देशांत साधारणतः एक ते दीड लाख जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण असून आशियात ते अधिक आहे. मुलींमध्ये तो मुलांच्या तिप्पट-चौपट आढळतो.

बॅबिट यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, स्वादुपिंडाची नलिका व पित्तनलिका आतड्याच्या भिंतीबाहेरच एकत्र आल्यास स्वादुरस पित्तनलिकेत शिरतो आणि तिची भिंत दुर्बल होते. टोडानी व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये या विकाराचे पाच प्रकार निश्चित केले. पहिल्या, सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात यकृताबाहेरील नलिका फुगते; पाचव्यात केवळ यकृतातील नलिका.

पोटदुखी, कावीळ व पोटातील गोळा ही प्रमुख लक्षणे होत. मात्र तिन्ही एकाच वेळी क्वचितच दिसतात. निदानाचा आरंभ सोनोग्राफीने होतो. पूर्वी फुगवटा तसाच ठेवून तो आतड्याला जोडला जाई. तथापि वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि पुढील आयुष्यातील कर्करोगाचा धोका लक्षात आल्याने ही पद्धत मागे पडली. आता सामान्यतः फुगलेला भाग पित्ताशयासह काढून यकृताची नलिका आतड्याशी जोडतात.

१९९५ मध्ये इटलीत फारेलो व सहकाऱ्यांनी बालकावरील ही शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारे केल्याचे प्रसिद्ध केले. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून, लहान छिद्रांतून कॅमेरा व बारीक उपकरणे आत घातली जातात. वेदना व व्रण कमी राहतात. परंतु काही मिलिमीटर रुंदीच्या नलिकेला टाके घालण्यासाठी दीर्घ प्रशिक्षण, बालभूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता कक्ष आवश्यक ठरतो. अडचण उद्भवल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करणे हाच सुरक्षित मार्ग होय.

असे मनुष्यबळ मुख्यतः महानगरांत एकवटले आहे. चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागातील, १९७८ मध्ये स्थापन झालेले कांची कामकोटी चाइल्ड्स ट्रस्ट हॉस्पिटल हे केवळ बालकांसाठीच्या रुग्णालयाचे उदाहरण आहे. ग्रामीण बालकास अशा केंद्रापर्यंत वेळीच पोहोचविणे हा खरा प्रश्न आहे.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणीची तरतूद आहे. २०१८ च्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. मात्र योजनेचा लाभ निदानानंतरच मिळू शकतो. म्हणून नवजात बालकाची कावीळ दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास किंवा शौच पांढरट झाल्यास, घरगुती उपायांत वेळ न दवडता तपासणी करणे अगत्याचे आहे.