परवानगीच्या चौकटीवर बोट ठेवण्यापूर्वी



ऊस नोंदीच्या फॉर्मवर सही करण्याआधी आपण गट नंबर, क्षेत्र आणि लागणीची तारीख पाहून घेतो. कोऱ्या कागदावर सही करणारा आपल्याकडे विरळाच. संगणकावर वा मोबाईलवर मात्र ‘परवानगी द्या’ अशी चौकट आली, की वाचायच्या आधीच बोट पडते. ही चौकट काय विचारते आणि कचेरीने ती बंद करावी काय, याचा विचार येथे करू.

फारशी संगणकभाषा न लिहिता, तयार भाग जुळवून कचेरीचे ॲप आता करता येते. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे ‘पॉवर ॲप्स’ हे असे एक साधन २०१६ पासून सर्वांना खुले आहे. समजा, एखाद्या कारखान्याच्या शेतकी खात्याने त्यावर ऊस पाहणीचे ॲप केले आणि वीस कर्मचाऱ्यांना वापरायला दिले. सभासदांची यादी ‘शेअरपॉइंट’मध्ये आणि निरोप ‘आउटलुक’च्या मेलने. कर्मचारी पहिल्यांदा ॲप उघडतो तेव्हा चौकट विचारते, ‘या सेवा तुमच्या नावाने वापरू का?’ नाही म्हटले तर काम अडते. हो म्हटले की मेल त्याच्याच नावाने जातो. पुढे ॲपला नवी सेवा जोडली, तर चौकट पुन्हा येते.

मग सुरू होतात वीस जणांचे फोन. ‘साहेब, हे काय विचारतंय? दाबू का नको?’ संगणक विभागाला वाटते, ही कटकटच नको. त्याचीही सोय आहे. ‘पॉवरशेल’मधून एक हुकूम देऊन मुख्य प्रशासक त्या ॲपपुरती, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या अनेक सेवांसाठीची चौकट बंद करू शकतो. हा हुकूम मागेही घेता येतो. कॅमेरा किंवा ठिकाण वापरण्याची परवानगी मात्र फोन वेगळी मागतो. ती या हुकमाने टळत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चौकट ही दारावरची पाटी आहे. कुलूप असते ते यादीवरच्या अधिकारांचे. ज्याला यादी पाहण्याचा अधिकार नाही, त्याला ‘हो’ दाबूनही ती दिसत नाही. पाटी काढली म्हणून कुलूप उघडत नाही, आणि पाटी लावली म्हणून घर सुरक्षितही होत नाही.

कुलूप ढिले राहिल्याचे उदाहरण आहे. ‘एसक्यूएल सर्व्हर’ला नाव आणि पासवर्ड देऊन केलेली जोडणी ॲप वाटताना सोबत वाटली जाई. जाणकार माणूस तीच जोडणी घेऊन आपले दुसरे ॲप करू शके आणि पहिल्याने न दाखवलेली माहितीही गाठू शके. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने यावर बंदोबस्त केला. पण जुनी ॲप पुन्हा प्रकाशित केल्याखेरीज त्यांना तो लागू होत नाही.

आता आपला संबंध काय, असे कुणी म्हणेल. बघा, ही चौकट दिसते कर्मचाऱ्याला. पण यादीतला सातबारा, बँक खाते आणि मोबाईल नंबर आपला असतो. ‘हो’ तो म्हणतो, माहिती आपली जाते!

म्हणून आमचे मत असे : चौकट बंद करायला हरकत नाही, पण आधी तिच्यातला मजकूर कर्मचाऱ्यांना मराठीत समजावून द्यावा. त्यांच्या नावाने काय होणार, हे त्यांना कळलेच पाहिजे. बंद करण्याचा निर्णय कुणी, कधी व का घेतला, याची लेखी नोंद ठेवावी. नोकरी सोडलेल्या वा बदली झालेल्या माणसाचा अधिकार त्याच दिवशी काढावा.

आणि सभासदांनी वार्षिक सभेत साखर उतारा व दर विचारतानाच हेही विचारावे : आमची यादी कोण कोण उघडू शकतो? कुलपाची किल्ली कुणाकडे आहे? हा प्रश्न विचारायला संगणक यावा लागत नाही.