भरल्या घरी उपास

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यात, सोनाळा हे गाव आहे. दिवाळीच्या सुमारास तिकडची वावरे कापसाने पांढरी होतात. समजा, वेचणी झाली, पण खामगावच्या जिनाकडे जाणारी वाटच खचली! घरात कापसाच्या राशी आणि जिनात यंत्रे बंद. याला कापसाचा दुष्काळ म्हणायचे काय?

माणसाच्या देहातही क्वचित असे घडते. त्या कथेचा एक धागा आपल्या मुंबईतच सापडतो. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या रक्तगटाची माहिती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. तोच पुढे ‘बाँबे ब्लड ग्रूप’ म्हणून जगभर ओळखला गेला. तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाची एक खूण असते. तिच्यावरच ‘ए’ आणि ‘बी’ यांच्या खुणा चढतात. या गटाच्या लोकांत ती मूळ खूणच नसते. खुणेचे शेवटचे टोक म्हणजे फ्यूकोज नावाची साखर. ही चहातली साखर नव्हे. आईच्या दुधातील काही शर्करांत ती असते. एरवी शरीर ती स्वतःच घडवते.

या गटाची माणसे एरवी धडधाकट असतात. फ्यूकोज त्यांच्याजवळ भरपूर असते. फक्त त्या एका जागी ते बसवणारा कारागीर नसतो. रक्त मात्र त्यांना आपल्याच गटाचे लागते.

पुढे १९९२ साली इस्राएलमध्ये डॉ. एत्झिओनी यांनी दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. वारंवार जंतुसंसर्ग, वाढ खुंटलेली, बुद्धीचा विकास मंद. रक्तात पांढऱ्या पेशी अतोनात, तरी जखमेत पू धरत नाही! रक्तगट पाहिला, तर तोच – बाँबे. या मुलांत फ्यूकोज कोठेच बसत नव्हते. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरतात त्या फ्यूकोजच्याच खुणेने. ती नसल्याने शिपाई रस्त्याने धावत, पण चोर शिरलेल्या घरात त्यांना उतरता येत नसे.

१९९९ साली जर्मनीतील डॉक्टरांनी अशाच एका बाळाला तोंडावाटे फ्यूकोज दिले. मात्रा हळूहळू वाढवली. ताप आणि संसर्ग थांबले, पांढऱ्या पेशींची संख्या खाली आली. २००१ साली मूळ दोष उमगला: पेशीतील कारखान्यात फ्यूकोज वाहून नेणारा हमालच जन्मतः लंगडा होता. वाट खराब असली तरी गाड्यांवर गाड्या सोडल्या की काही पोचतातच. इस्राएलमधील मुलांना मात्र तसा गुण आला नाही. त्यांच्यातील दोष त्याच हमालात, पण वेगळ्या जागी होता.

असे रुग्ण जगात मोजकेच आहेत. तरीही आपल्या घरांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. हा दोष आई व वडील दोघांकडून आला तरच प्रकटतो; म्हणून मामाच्या मुलीशी लग्न ठरवताना, घराण्यात मुले अकारण दगावली असल्यास, आधी डॉक्टरांशी बोलावे. दुसरे म्हणजे, पोर सारखे आजारी पडते म्हणून टॉनिकच्या बाटल्या बदलत बसू नये. उणीव ताटात आहे की वाटेत, हे तपासणीशिवाय कळत नाही. जर्मनीतील त्या बाळाला गुण आला, तो नेमके काय अडले आहे हे कोणीतरी शोधले म्हणूनच. आणि अशा मुलाच्या आईने ‘माझ्याच खाऊ घालण्यात उणे पडले’ असे मनाला लावून घेऊ नये. तिचे घर भरलेलेच असते.