पाच गॅलनची बादली

एप्रिलमधली सकाळ. टेनेसीतल्या कुकव्हिलपासून वीसेक मैलांवर एका घराच्या मागच्या नळाखाली मी पाच गॅलनची बादली धरून बसलो होतो आणि बायको फोनवर सेकंद मोजत होती. नळ सोडून तास होत आला होता. सुरुवातीला ५५ सेकंदांत भरणारी बादली आता ७५ सेकंद घेत होती. ५ एकर जागा, ओकची झाडं, समोर लांबरुंद ओसरी, आणि किंमत आमच्या न्यू जर्सीतल्या टाउनहाउसपेक्षा बरीच कमी. एजंटबाई गाडीला टेकून उभ्या होत्या. एवढं घर समोर असताना ही दोघं बादलीत काय बघतायत, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

न्यू जर्सी सोडून टेनेसी, ओहायो, जॉर्जिया अशा स्वस्त राज्यांत जाण्याचा विचार हल्ली आमच्या मंडळाच्या प्रत्येक गणपतीत कुणीतरी बोलून दाखवतं. आकडेही तसे मोहात पाडणारे आहेत. न्यू जर्सीत घरावरचा मालमत्ता कर सरासरीने वर्षाला १० हजार डॉलरच्या वर गेलाय. टेनेसीत घराच्या सरकारी मूल्यांकनाच्या फक्त २५ टक्के रकमेवर कर आकारतात. मूल्यांकन ४ लाख असेल आणि दर शंभरामागे २ डॉलर धरला, तर वर्षाचे २ हजार झाले. पगारावर राज्याचा आयकर नाही. व्याज आणि लाभांशावर जो होता तोही २०२१ पासून गेला. या कमी कराची भरपाई कुठून होते, ते वाण्याच्या बिलावर कळतं. विक्रीकर राज्याचा ७ टक्के, त्यावर स्थानिक पावणेतीनपर्यंत. न्यू जर्सीत डाळ-तांदळाला विक्रीकर नाही. टेनेसीत राज्य त्यावरही ४ टक्के घेतं, वर स्थानिक कर वेगळा.

घर बघायला विमानाची तिकिटं काढण्याआधी नोकरीचं बघून घ्यावं. कंपनी न्यूयॉर्कची असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी टेनेसीतून घरबसल्या काम करणार असाल, तर न्यूयॉर्क त्या पगारावर आपला आयकर बहुतेक वेळा घेतच राहतं. टेनेसीत आयकरच नसल्यामुळे त्याची वजावटही कुठे मिळत नाही. म्हणजे आयकराच्या ज्या बचतीसाठी निघालात ती जागच्या जागी संपली. एच-१बीवर असाल तर आणखी एक गोष्ट आहे. घर हेच कामाचं ठिकाण होत असेल आणि ते जुन्या महानगर क्षेत्राबाहेर असेल, तर कंपनीला आधी सुधारित अर्ज भरावा लागतो. २०१५ पासून हा नियम स्पष्ट आहे. वकिलाला एक फोन केला की या दोन्हींची उत्तरं मिळतात, पण बरेच जण तो फोन घर पसंत पडल्यावर करतात.

आता जमीन. शहरात आपण घर घेतो. पाणी, सांडपाणी, रस्ता, आगीचा बंब या गोष्टी कर भरला की दारात येतात. खेड्यातल्या घराबरोबर हे सगळं खातं तुमच्या नावावर होतं. मी बायकोला म्हटलं, आपण घर नाही, एक छोटी ग्रामपंचायत विकत घेतोय आणि सरपंचापासून शिपायापर्यंत सगळं आपणच. स्वस्ताईचा बराचसा भाग यातूनच आलेला असतो. म्हणून घराच्या आत सगळ्यात शेवटी जावं. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइट एकदा बघितला की मग विहिरीकडे कुणी नीट बघत नाही.

इथे सातबारा नसतो. काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे खरेदीखतं नोंदलेली असतात आणि जुन्या खतांत हद्दीचं वर्णन आपल्या चतुःसीमेसारखंच असतं: अमुक दगडापासून अमुक अंशात इतके फूट, तिथून ओकच्या झाडापर्यंत. ते झाड पडून साठ वर्षं झालेली असू शकतात. म्हणून नव्याने मोजणी करून घ्यावी, टायटल इन्शुरन्स घ्यावा आणि वहिवाट कागदावर बघावी. आमच्या त्या घराकडे जाणारा खडीचा रस्ता शेजाऱ्याच्या कुरणातून जात होता. जाण्यायेण्याचा हक्क खतात नोंदलेला होता. पावसात वाहून गेलेली खडी कुणी टाकायची, यावर मात्र कागदात एक अक्षर नव्हतं. बँका अशा रस्त्यासाठी देखभालीचा लेखी करार मागू शकतात.

जमीन मोठी असेल तर करात ‘ग्रीनबेल्ट’ची सवलत लागलेली आहे का, तेही विचारावं. शेतीसाठी ती साधारण १५ एकरांपासून मिळते. घेणाऱ्याने वापर बदलला की मागच्या ३ वर्षांचा वाचलेला कर वसूल होतो.

पाण्याचं तपशिलात सांगतो, कारण इथेच लोक फसतात. खाजगी विहिरीला १९७४चा केंद्रीय पेयजल कायदा लागू नाही. पाणी कसं आहे हे तपासण्याची जबाबदारी कुणाचीच नाही, म्हणजे तुमची. कोलिफॉर्म जिवाणू आणि नायट्रेट दरवर्षी तपासावं, आणि खरेदीआधी अर्सेनिकही. इथला खडक चुनखडीचा. टेनेसीत नोंदलेल्या गुहाच १० हजारांहून जास्त आहेत, यावरून तो किती पोखरलेला आहे याचा अंदाज येईल. अशा जमिनीत वरचं पाणी गाळलं न जाता भेगांतून थेट खाली उतरतं, म्हणून नमुना मोठ्या पावसानंतर घेतलेला बरा. कोरड्या आठवड्यातला स्वच्छ अहवाल फारसं काही सांगत नाही.

आणि पाणी किती? इथली विहीर म्हणजे आपली बोअरवेल. ६ इंची बोअरमध्ये फुटाला साधारण दीड गॅलन पाणी मावतं. बोअरमध्ये २०० फूट पाणी उभं असेल, तर ३०० गॅलन आधीच साठलेले असतात. दहा मिनिटं नळ सोडून बघितलं की दिसतो तो हा साठा. झरा किती देतो ते कळायला दोन-चार तास उपसावं लागतं. ७५ सेकंदांत बादली म्हणजे मिनिटाला ४ गॅलन. कुटुंबाला चालेल, पण वेळ वाढतच चालली होती.

रात्री आईला व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. देवरूखजवळच्या आमच्या घरी तिने तीस वर्षं विहिरीवरून पाणी भरलंय. ओसरी, ओक वगैरे तिने बघितल्यासारखं केलं आणि विचारलं, “आता तिकडे पाऊस संपलाय की चालू आहे?” म्हटलं, वसंतात भरपूर पडतो. “मग आता कशाला बघतोस? विहीर मे महिन्यात बघायची असते रे.” टेनेसीचा मे म्हणजे ऑक्टोबर. उन्हाळ्यानंतर भूजल तेव्हा सगळ्यात खाली असतं.

सेप्टिक टँकचं झाकण मात्र लगेच उघडून घेतलं. विक्रेत्याचं “कधी त्रास नाही झाला” हे उत्तर ऐकून सोडून द्यावं. टाकी दर ३ ते ५ वर्षांनी उपसायची असते, तर शेवटची पावती मागावी. टाकीपेक्षा जपायचं ते ड्रेन फील्ड, म्हणजे सांडपाणी जिरवणारी जमीन. ती एकदा चोंदली की दुरुस्ती जवळजवळ नसते, नवीनच करावी लागते आणि तेवढी मोकळी, जिरणारी जमीन उरलेली असावी लागते. त्या हिरव्यागार पट्ट्यावर गाडी लावायची नाही, झाड लावायचं नाही. परमिट बेडरूमच्या संख्येवर दिलेलं असतं. जाहिरातीत ४ बेडरूम आणि परमिट ३चं, असं सर्रास दिसतं. आमच्याही बाबतीत तेच निघालं. आपल्या स्वयंपाकातलं तळणाचं तेल सिंकमध्ये ओतायची सवय असेल तर ती शहरातच सोडून यावी. आणि गणपतीला चाळीस माणसं बोलावणार असाल, तर त्या दिवशी कपडे धुवायला काढू नयेत.

विम्याचा आकडा ऑफर देण्याआधी मागवावा. जवळचं अग्निशमन केंद्र रस्त्याने ५ मैलांच्या आत आहे का, यावर हप्ता बराच हलतो. आणि बंब येणार हेही गृहीत धरू नये. २०१० साली याच राज्यातल्या ओबायन काउंटीत एक घर जळत होतं आणि साऊथ फुल्टन शहराचे जवान समोर उभे राहून बघत होते. गावाबाहेरच्या घरांनी वर्षाला ७५ डॉलर भरायचे होते. ते भरलेले नव्हते. देशभर त्यावर वाद झाला. आपल्या पत्त्यासाठी कोण येतं आणि त्याला पैसे कोण देतं, हे काउंटीत विचारून घ्यावं.

घराच्या साध्या विम्यात पूर धरलेला नसतो. पुराचा सरकारी विमा वेगळा घ्यावा लागतो आणि एरवी तो लागू व्हायला ३० दिवस जातात. फेमाचा, म्हणजे केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा, पूरनकाशा बघावाच, पण त्यावर थांबू नये. ऑगस्ट २०२१मध्ये याच राज्यातल्या वेव्हर्ली आणि आसपासच्या पुराने २० जणांचा जीव घेतला, मुख्यतः ट्रेस क्रीक नावाच्या एका ओढ्याने. जवळच्या मॅकइवेनला एका दिवसात १७ इंचांहून जास्त पाऊस झाला होता. घरामागे ‘गोड छोटासा ओढा’ असेल, तर शेजारच्या म्हाताऱ्याला विचारावं की पाणी कुठवर आलेलं आठवतं. तो हाताने उंची दाखवतो.

इंटरनेटसाठी कंपनीकडून त्या पत्त्याचं लेखी उत्तर घ्यावं. इंटरनेट कुठे पोहोचतं याचे नकाशे कंपन्यांनीच दिलेल्या माहितीवर रंगवलेले असतात. २०१७च्या कायद्यानंतर इथल्या वीज सहकारी संस्थांनाही फायबर देता येऊ लागलं, त्यामुळे कधीकधी डोंगरातल्या घराला गावातल्यापेक्षा चांगली लाइन मिळते. दवाखान्याचं तसं नाही. २०१०नंतर टेनेसीत बरीच ग्रामीण रुग्णालयं बंद पडली. हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्सच्या अवाच्या सवा बिलांपासून २०२२ पासून विमाधारकाला केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सला तो लागू नाही. आम्ही घरापासून चालू असलेल्या इमर्जन्सीपर्यंत रात्री स्वतः गाडी चालवून बघितली. ३८ मिनिटं लागली, वाटेत दोन हरणं.

ऑफर आम्ही तेव्हा दिली नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेलो तेव्हा घर अजून विक्रीलाच होतं, किंमत थोडी उतरली होती. त्याच नळाखाली तीच बादली लावली. दुसरा तास संपताना ती भरायला १४० सेकंद लागत होते आणि पाण्याला गंधकाचा वास येत होता. एजंटबाईंनी या वेळी गाडीला टेकायचं सोडून जवळ येऊन बघितलं, आणि म्हणाल्या, दुसरं एक आहे, ७ मैलांवर, पण ओसरी नाही.

तिथे रस्त्यालगत युटिलिटी डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे सार्वजनिक नळाच्या, पाण्याचं मीटर होतं. बायको घराकडे निघाली. मी आधी मीटरचं झाकण उचललं.